नागपूरचा उन्हाळा आणि रोटाला मॅक्रान्ड्रा : वाकड्या शेंड्यांचे एक प्रकरण

नागपूरच्या दक्षिणेला, बेसा भागातल्या एका फ्लॅटमधला हा मासे आणि पाणवनस्पतींचा टँक. दोन फुटी, काच ६० बाय ३५ बाय ४० सेंटिमीटर. माती, दगड आणि वरची मोकळी पट्टी वजा जाता पाणी ७० लिटर. मागच्या उजव्या कोपऱ्यात रोटाला मॅक्रान्ड्रा या लाल पानांच्या पाणवनस्पतीचा झुपका. नोव्हेंबर ते मार्च हा झुपका असा दिसायचा की घरात आलेला माणूस आधी तिकडेच वळावा. एप्रिल सरता सरता शेंडे बारीक व्हायचे, मे महिन्यात वाकडे होऊन थांबायचे आणि मृग लागेपर्यंत कोपऱ्यात नुसत्या काड्या उरायच्या. लागोपाठ दुसऱ्या उन्हाळ्यात हेच घडले. घरच्यांचे आणि दुकानदाराचे निदान एकच होते: नागपूरच्या उन्हात मॅक्रान्ड्रा टिकत नाही, तिचा नाद सोडा.

हे निदान टँकजवळच्या वहीशी जुळत नव्हते. टँकच्या मालकांनी पाण्याचे रोजचे तापमान लिहून ठेवले होते. बाहेर पारा ४५ च्या घरात असताना टँकचे पाणी २७ ते २८ अंशांवर होते, कारण पृष्ठभागावर दोन छोटे पंखे चालू होते. जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, त्याच टँकचे पाणी २९.५ अंशांपर्यंत चढले होते. आणि उरलेल्या काड्यांना बगलफुटवे फुटले ते नेमके जुलैत. उष्णतेनेच झाड मारले असते तर ते जुलैत मरायला हवे होते. मे महिन्यात होणारी आणि जुलैत न होणारी दुसरी कुठलीतरी गोष्ट शोधायची होती.

झाड काय सांगत होते

मॅक्रान्ड्राचा निरोगी शेंडा वरून पाहावा. पानांच्या जोड्या समोरासमोर, प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात. सर्वांत वरची कोवळी जोडी अजून मिटलेली, तिच्या खालची अर्धी उघडलेली, आणि तिसऱ्या-चौथ्या जोडीपर्यंत पान पूर्ण रुंद झालेले. पान पातळ, कडेला किंचित लाटदार, खालची बाजू गडद गुलाबी. खोड इतके ठिसूळ की चिमट्याने जरा जोरात धरले की मोडते. टँकमधल्या लाल वनस्पतींमध्ये पाण्यातला बदल सर्वांत आधी दाखवणाऱ्या झाडांपैकी हे एक आहे.

मे महिन्यातल्या शेंड्यावर वरच्या चार-पाच जोड्या एकमेकींना चिकटून आलेल्या होत्या. पाने तांदळाच्या दाण्याएवढी, मुरगळलेली, टोक खाली वळलेले. रंग मात्र लालच होता. याचा अर्थ प्रकाश पुरेसा होता. खालची जुनी पाने धडधाकट होती, म्हणजे नायट्रोजन किंवा पोटॅशची मोठी टंचाई नव्हती; ती असती तर झाडाने जुन्या पानांतला साठा आधी वापरला असता आणि खालची पाने पिवळी पडली असती किंवा त्यांना भोके पडली असती. नवी पाने पांढुरकी नव्हती, म्हणून लोहाची कमतरता हे पहिले कारण ठरत नव्हते. खोड काचेसारखे होऊन विरघळत नव्हते. ते वाहतुकीत भाजलेल्या किंवा पाण्याखाली नव्यानेच आलेल्या रोपांचे लक्षण. जुनी पाने ठीक आणि शेंडा आखडलेला, हे चित्र दिसले की आधी झाडांसाठी पाण्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा चढउतार आणि पाण्याच्या हार्डनेसमधले (क्षारांमुळे येणाऱ्या जडपणातले) हेलकावे तपासावेत. या टँकमध्ये दोन्ही होते, आणि एकातून दुसरे निघाले होते.

दुसरी खूण काचेवर होती. पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, टँकच्या चारही बाजूंनी क्षारांचा पांढरा पट्टा होता, मागच्या काचेवर बोटभर रुंद. तो खरवडला तर खरखरीत निघायचा, व्हिनेगर लावला की फसफसायचा. मालक तो दर रविवारी पुसत होते आणि तो पुन्हा येत होता.

पंखा, वाफ आणि क्षार

नागपूरचा मे महिना कोरडा असतो. दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २३ अंश दाखवतो. बाष्पीभवनाने पाणी किती गार होऊ शकते त्याची ही खालची मर्यादा. वाळ्याचे कूलर विदर्भात इतके चांगले चालतात ते याच बळावर, आणि टँकवरचे दोन बारा व्होल्टचे पंखे पाणी २७ अंशांवर धरून ठेवतात तेही याच बळावर. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. या टँकमधून उन्हाळ्यात रोज सुमारे २ लिटर पाणी उडून जात होते.

उडते ते फक्त पाणी. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट मागे राहतात. मालक रोज सकाळी कमी झालेले पाणी नळाने भरायचे. या इमारतीच्या टाकीत महापालिकेचे आणि बोअरचे पाणी एकत्र येते. मोजले तेव्हा जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) १२ आणि केएच (बायकार्बोनेटचा जडपणा) ८ निघाला. एक अंश जीएच म्हणजे लिटरमागे जवळपास १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा हार्डनेस. म्हणजे हे पाणी चांगलेच जड.

आठवड्याला ३० टक्के पाणी बदलताना मालक काळजी घ्यायचे: दोन भाग आरओ, एक भाग नळ, म्हणजे जीएच ४ आणि केएच ३ च्या आसपास. बदलाच्या पाण्यावर इतके लक्ष, आणि रोजच्या भरीचे पाणी मात्र बघितलेच नाही. ही चूक समजण्यासारखी आहे, कारण रोजचे दोन लिटर क्षुल्लक वाटतात. हिशेब मांडला की चित्र पालटते. आठवड्याचे १४ लिटर नळाचे पाणी म्हणजे ७० लिटरमध्ये जीएच २.४ ने आणि केएच १.६ ने वर. आठवड्याच्या बदलाने त्यातला थोडाच भाग उतरतो, उरलेला पुढच्या आठवड्याच्या भरीवर चढतो. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पाणी बदलण्यापूर्वी जीएच १० आणि केएच ७ होतो, असा हा हिशेब सांगतो. टेस्ट किटनेही तेच आकडे दाखवले. पाणी बदलले की अर्ध्या तासात जीएच १० वरून ८ वर, मग आठवडाभर पुन्हा वर. मॅक्रान्ड्रा थोडे जड पाणीही सहन करते. दर रविवारी होणारी अशी उलथापालथ तिला सोसत नाही.

जुलैत हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते, भर जेमतेम उरते. हार्डनेस हळूहळू खाली येतो आणि काड्यांना फुटवे येतात. वहीतले कोडे इथे सुटले.

पीएच कंट्रोलरने केलेला घोळ

जड पाण्याने एवढेच केले असते तर झाडाची वाढ खुंटली असती, पण शेंडे इतके मुरगळले नसते. या टँकवर कार्बन डायऑक्साइडचा सोलेनॉइड, म्हणजे वायूची विजेवरची झडप, पीएच कंट्रोलरला (पाण्याचा पीएच मोजून वायू चालू-बंद करणाऱ्या यंत्राला) जोडलेला होता आणि कंट्रोलर ६.५ वर बांधलेला होता. वसंतात, केएच ३ असताना, हा आकडा योग्यच होता. कार्बन डायऑक्साइड, केएच आणि पीएच यांचे नाते ठरलेले आहे: केएचला ३ ने गुणायचे आणि पीएच ७ पेक्षा जितका खाली असेल तितक्या दहाच्या घाताने पुन्हा गुणायचे. केएच ३ आणि पीएच ६.५ असेल तर उत्तर २८ पीपीएम (लिटरमागे २८ मिलिग्रॅम) येते, म्हणजे लागवडीच्या टँकला हवे तेवढे. केएच ७ झाला आणि कंट्रोलर ६.५ वरच राहिला, तर तेच गणित ६६ पीपीएमवर जाते. यंत्राला केएच दिसत नाही. त्याला पीएच खाली आणायचा हुकूम आहे, म्हणून ते वायू सोडत राहते.

त्यातच गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. दुपारी रासबोरा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, चेरी कोळंब्या फिल्टरच्या पाइपवर चढल्या. मालकांनी जे कुणीही केले असते तेच केले: सोलेनॉइड बंद, एअर स्टोन चालू. दोन तासांनी मासे सावरले की पुन्हा वायू चालू. म्हणजे दिवे लागलेल्या एकाच सत्रात झाडाला एकदा साठच्या वर आणि एकदा जेमतेम चार-पाच पीपीएम वायू मिळत होता. पीएच दिवसात ६.५ वरून ७.७ पर्यंत जाऊन परत येत होता. एवढ्या चढउतारात मॅक्रान्ड्राचा वाढबिंदू बसतोच. टँकमधल्या क्रिप्टोकोरिन या दुसऱ्या वनस्पतीच्या जुन्या पानांच्या कडांवर काळे ब्रश शेवाळ आले होते, तेही याच चढउताराचे चिन्ह.

पुढची गफलत खतांची. शेंडा बिघडला म्हणून लोहाचा डोस दुप्पट केला गेला. वापरातले लोह ईडीटीए चिलेटचे होते, म्हणजे लोह विरघळलेले धरून ठेवणाऱ्या संयुगात बांधलेले. पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोहाला नीट धरून ठेवत नाही, पाणी जड असेल तर आणखीच कमी. लोह गाळ होऊन बसते आणि झाडाच्या उपयोगाचे राहत नाही. लाल रंग लोहाने येतो हा समजही इथे नडला. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. भरपूर प्रकाश मिळून वाढ मर्यादित राहिली की झाड तो जास्त बनवते. लोह कमी असेल तर नवे पान फिके पडते, म्हणून लोह लागतेच. पुरेसे असताना वाढवले तर लाली वाढत नाही. याच समजाच्या पोटी नायट्रेट शून्यावर आणण्याचाही प्रयत्न झाला होता. रोटाला रोटुंडिफोलियाची लाली नायट्रेट कमी ठेवल्याने खुलते हे खरे, पण मॅक्रान्ड्राला तेच लावले तर खोड बारीक होते आणि खालची पाने गळतात. तिच्यासाठी नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या दरम्यान असावे.

दुरुस्ती कशी केली

सर्वांत आधी भरीचे पाणी बदलले, आणि तेच या प्रकरणातले सर्वांत मोठे काम होते. यापुढे कमी झालेले पाणी फक्त आरओने भरायचे, नळाचा एक थेंबही नाही. घरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, म्हणून यंत्राने दिलेले पाणी आधी टीडीएस मीटरने मोजावे. इथे कंट्रोलरची मळसूत्री उघडी होती आणि पाणी ६० पीपीएमचे येत होते. ती बंद करून आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी-जोड टाकून घेतलेले पाणी १५ पीपीएमवर आले. टँकशेजारी २० लिटरचा कॅन आणि लहान फ्लोट व्हॉल्व्ह लावला, म्हणजे रोजचे दोन लिटर हळूहळू, दिवसभर भरत राहतात. कॅन टँकपेक्षा उंचावर ठेवला असेल तर फ्लोट अडकल्यावर सगळेच्या सगळे पाणी टँकमध्ये उतरते, आणि मग फरशीवर. म्हणून कॅनमध्ये एका वेळी ८ लिटरपेक्षा जास्त भरायचे नाही. पाणी चार दिवस पुरते आणि काही बिघडले तरी घर भिजत नाही.

वाढलेला हार्डनेस एका दिवसात उतरवायचा नाही. निम्मे पाणी एकदम बदलले असते तर आकडा सुधारला असता आणि उरलेसुरले शेंडेही गेले असते. दर तीन दिवसांनी १५ टक्के, सुमारे १० लिटर, असे सात बदल केले. बदलाचे पाणी नव्याने ठरवले: तीन भाग आरओ, एक भाग नळ. त्यातून जीएच ३ आणि केएच २ मिळतो. केएच तेवढाच हवा होता, पण जीएच थोडा कमी आणि मॅग्नेशियमची खात्री नाही. म्हणून २० लिटरच्या प्रत्येक कॅनमध्ये जिप्सम ०.६ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.९ ग्रॅम घातले. दोन्हींमुळे जीएच प्रत्येकी १ अंशाने वाढून ५ वर येतो, केएच हलत नाही. जिप्सम सहज विरघळत नाही. एका बाटलीत थोड्या पाण्यात घालून जोरजोराने हलवावे आणि गढूळ असतानाच कॅनमध्ये ओतावे. भिंतीचे प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नये, ते पाण्यात घट्ट बसते आणि त्यात इतर पदार्थही असतात. सात बदलांनंतर जीएच ६ आणि केएच ३ च्या आसपास स्थिरावला. पुढे आठवड्याचा नेहमीचा ३० टक्क्यांचा बदल याच पाण्याने.

नळाचा भाग घेताना क्लोरीन काढणारे औषध विसरू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीचे पाणी गढूळ होते तेव्हा क्लोरीनचे प्रमाणही बदलते, म्हणून त्या महिन्यात नळाचे पाणी रात्रभर हवेत ठेवूनही औषध घातलेलेच बरे.

कार्बन डायऑक्साइड कंट्रोलरच्या हातून काढून टायमरवर दिला. बुडबुड्यांचा वेग एकदाच बसवायचा, दिवे लागण्याआधी दीड तास चालू, दिवे जाण्याआधी एक तास बंद. कंट्रोलर आता फक्त पहारेकरी: केएच ३ असताना ६.४ ला वायू तोडतो, केएच २ वर उतरला की मर्यादा ६.२. कंट्रोलरचा पीएच मोजणारा प्रोब महिन्यातून एकदा ४.०१ आणि ७.०० पीएचच्या बफर द्रावणात तपासायचा. प्रोब ०.२ ने जरी सरकला तरी हिशेब दीडपट चुकतो.

केएच आणि पीएचच्या सूत्रावर पूर्ण विसंबू नये, कारण टँकची माती, लाकडाचा अर्क आणि फॉस्फेट हेही पीएचवर परिणाम करतात. खात्रीची पद्धत अशी: टँकचे पाणी पेल्यात घेऊन रात्रभर एअर स्टोन लावायचा आणि सकाळी पीएच मोजायचा. दिवे लागताना टँकचा पीएच त्यापेक्षा १.० ते १.१ ने खाली असला की वायू पुरेसा आहे. ड्रॉप चेकरमध्ये, म्हणजे वायूप्रमाणे रंग बदलणाऱ्या छोट्या कुपीत, ४ केएचचेच तयार द्रावण घालावे. टँकचे पाणी घातले तर तो केएचबरोबर खोटे बोलतो. हिरवा रंग म्हणजे साधारण ३० पीपीएम, पण चेकर तास-दोन तास उशिराने रंग बदलतो. माशांचे वागणे त्याच्या आधी कळते, म्हणून वेग वाढवलेल्या दिवशी टँकजवळ बसूनच राहावे.

पंख्यांच्या बाबतीत एक बारकावा उपयोगी पडला. थर्मोस्टॅटवर पंखे झटक्यात सुरू-बंद होत होते, आणि सुरू असताना पृष्ठभागावर लहरी उठून वायू निघून जात होता. बारा व्होल्टऐवजी नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावून ते संथ पण सलग चालवले, आणि हवेचा झोत पाण्यावर आदळण्याऐवजी पाण्याला समांतर सरकेल असा कोन दिला. पाणी अर्ध्या अंशाने जास्त गरम राहिले, पण वायू दिवसभर एकसारखा राहिला. हा सौदा नेहमी घ्यावा. घरातला कूलर टँकवर सरळ येऊ देऊ नये. त्यातून उडणारे तुषार जड पाण्याचे असतात, आणि कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या मारणारे औषध टाकलेले असेल तर कोळंब्यांसाठी ते घातक आहे. डासांची लिक्विड मशीनही टँकच्या खोलीत नको. त्यातले पायरेथ्रॉइड मासे आणि कोळंब्या दोघांनाही विषारी.

दिवे उन्हाळ्यापुरते १०० टक्क्यांवरून ७५ वर आणि सात तासांवरून सहा तासांवर आणले. वाढीचा वेग आणि वायूची भूक प्रकाश ठरवतो. गरम पाण्यात ती भूक कमी ठेवली की चुकीला जागा राहते. वेळही हलवली. पाणी पहाटे सर्वांत गार असते, म्हणून दिवे सकाळी सहा ते बारा. संध्याकाळी टँक पाहायची हौस असेल तर हे जड जाते, पण नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरेपर्यंत एवढे करावेच.

खते कृषी केंद्रातली. संत्र्याच्या बागांमुळे नागपुरात १३:०:४५ आणि ०:५२:३४ या ग्रेड सहज मिळतात. पहिले पोटॅशियम नायट्रेट, दुसरे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. १९:१९:१९ टँकमध्ये कधीही घालू नये, त्यात युरिया आणि अमोनियम असते. शेवाळ हमखास येते आणि मासे धोक्यात येतात. ५०० मिलिलिटर आरओ पाण्यात १३:०:४५ चे १७ ग्रॅम आणि ०:५२:३४ चे ५ ग्रॅम. या द्रावणाचे १० मिलिलिटर आठवड्यातून तीनदा. ७० लिटरमध्ये प्रत्येक वेळी नायट्रेट ३ पीपीएम आणि फॉस्फेट १ पीपीएम जाते. लोहासाठी ११ टक्के डीटीपीए चिलेट, ३.२ ग्रॅम ५०० मिलिलिटरमध्ये. त्याचे १० मिलिलिटर म्हणजे ०.१ पीपीएम, तेही आठवड्यातून तीनदा, पण आधीच्या द्रावणाच्या दुसऱ्या दिवशी. डीटीपीए साडेसातच्या पीएचपर्यंत लोह धरून ठेवते. दोन्ही द्रावणे एका बाटलीत करू नयेत, फॉस्फेट आणि लोह मिळून गाळ तयार होतो. बाकीच्या सूक्ष्मद्रव्यांचे तयार चिलेटेड मिश्रण घ्यावे आणि कोळंब्या असतील तर त्यातले तांब्याचे प्रमाण लेबलवर वाचूनच.

छाटणी आणि परिणाम

मुरगळलेला शेंडा पुन्हा सरळ होत नाही. त्याची वाट पाहण्यात महिना जातो. प्रत्येक काडी शेवटच्या रुंद पानांच्या जोडीच्या लगेच वर कापली. काडी उपटली नाही, कारण मुळे शाबूत असलेली काडी लवकर फुटते. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने खोड चेपते आणि कापलेल्या जागेपासून कुजत खाली जाते. एका दिवसात निम्म्याच काड्या कापल्या, उरलेल्या आठवड्याने. सगळा झुपका एकदम भुंडा केला तर टँकमधला पोषणाचा वापर अचानक घसरतो आणि शेवाळाला रान मोकळे मिळते.

दुसऱ्या आठवड्यात कापलेल्या जागेखालच्या पेरांतून दोन-दोन फुटवे आले. पहिल्या जोड्या लहानच होत्या, कारण तेव्हा हार्डनेस उतरायचाच होता. चौथ्या आठवड्यापर्यंत नवे पान पूर्ण रुंद झाले, मुरगळ नाही, खालची बाजू गुलाबी. बाहेर तेव्हाही ४४ अंश होते आणि टँकचे पाणी २८ वर. फुटवे दहा सेंटिमीटरचे झाल्यावर शेंडे कापून नव्याने लावले: खालच्या दोन पेरांची पाने काढून, एकेक काडी चिमट्याने, दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर. झुपक्याने लावली तर आतल्या काड्यांना प्रकाश मिळत नाही आणि खालून पाने गळतात. मॅक्रान्ड्रामध्ये नव्याने लावलेला शेंडा जुन्या बुंध्यापेक्षा नेहमीच जोमदार निघतो, म्हणून दर दोन-तीन छाटण्यांनंतर जुने बुंधे काढून टाकावेत.

सगळेच सावरले असे नाही. पाच-सहा काड्या फुटल्याच नाहीत. क्रिप्टोकोरिनची शेवाळ लागलेली पाने कापूनच टाकावी लागली, ती पुसून निघत नाहीत.

सिलिंडरबद्दल वेगळे सांगायला हवे

या फ्लॅटमध्ये सिलिंडर बाल्कनीत ठेवून नळी आत घेतली होती. नागपुरात हे करू नये. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही. सिलिंडरमधला दाब मग भरलेल्या वजनावर ठरतो आणि झपाट्याने चढतो. सिलिंडर भरून घेताना वजनाची मर्यादा पाळली आहे का ते पाहावे: सिलिंडरच्या पाण्याच्या क्षमतेच्या किलोमागे सुमारे ६६० ग्रॅमपेक्षा जास्त वायू नको. जास्त भरलेला सिलिंडर उन्हात ठेवला तर सेफ्टी डिस्क फुटून सगळा वायू बाहेर पडतो, आणि तो बंद खोलीत पडला तर माणसालाही धोका. सिलिंडर घराच्या आत, भिंतीला पट्ट्याने बांधून, उभा आणि कूलरच्या खोलीत. उन्हाळ्यात गेजवरून किती वायू उरला ते कळत नाही, वजनकाट्यावरच मोजावा. संपत आलेला सिलिंडर आधीच बदलावा, कारण एका टप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये शेवटी वरचा दाब पडताना बाहेरचा दाब चढतो आणि उरलेला वायू एकदम टँकमध्ये जातो. सोलेनॉइड वीज गेल्यावर बंद होणाराच घ्यावा. अवकाळी वादळात वीज गेली तर इन्व्हर्टरवर फिल्टर आणि पंखे ठेवावेत; दिवे आणि वायू बंद राहिले तरी चालते.

पावसाळा ते हिवाळा

मे महिन्यातला उपाय जुलैत चालत नाही. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर बाष्पीभवनाची मर्यादा २९ अंशांवर जाते, पंखे कितीही फिरवा. या टँकमध्ये त्या काळात प्रकाश ७० टक्के ठेवला, खताचा डोस एक-चतुर्थांशाने कमी केला, छाटणी टाळली आणि फिल्टरच्या आउटलेटने पृष्ठभाग हलता ठेवला, म्हणजे रात्री माशांना प्राणवायू मिळतो. मॅक्रान्ड्रा २९ ते ३० अंशांत जगते, पण पाने लहान आणि रंग नारिंगीकडे झुकलेला राहतो. त्या दोन महिन्यांतही गडद लाल हवा असेल तर खोलीला एसी किंवा टँकला एक-दशांश अश्वशक्तीचा चिलर लागतो, आणि चिलर गरम हवा त्याच खोलीत सोडतो हे धरूनच जागा ठरवावी.

मॅक्रान्ड्रा मूळची दक्षिण भारतातली, मेंदी, डाळिंब आणि आपल्या ताम्हणाच्या कुळातली. तिची बहीण रोटाला इंडिका भातखाचरात तण म्हणून उगवते. ऊन आणि उष्णता या कुळाला परकी नाही, म्हणूनच उन्हाच्या नावाने तिला टँकमधून काढून टाकणे आम्हाला पटत नाही.

ऑक्टोबरमध्ये हवा पुन्हा कोरडी होते आणि भर परत वाढते. फ्लोट व्हॉल्व्ह आणि आरओचा कॅन तेव्हापासूनच चालू करावा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे रात्रीचे तापमान दहाच्या खाली जाते, बंद घरातही पाणी १९ वर उतरते. १०० वॅटचा हीटर २३ अंशांवर ठेवावा. हीटर उघडा पडला तर तडकतो, म्हणून पाणी बदलण्याआधी त्याचा प्लग काढावा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात केएच, जीएच आणि भरीच्या पाण्याचा टीडीएस मोजून वहीत लिहावा, प्रोब कॅलिब्रेट करावा, आणि त्यानंतर जूनपर्यंत दर रविवारी पाणी बदलण्याआधी केएच मोजावा. तो एका अंशाने जरी वर गेला तर आधी कॅनमधले पाणी तपासावे, खताच्या बाटलीला हात नंतर लावावा.